तोफेचे बैल कुठल्या पुस्तकात असतात?

आमचा मुलगा घरीच शिकतो. वय वर्षं दहा. इतिहास म्हटलं की त्याला फक्त लढाया लागतात. राज्यकारभार, महसूल वगैरे आलं की पानं भराभर उलटतात. शाळेत असता तर बाईंनी लावलेला धडा मुकाट्यानं वाचला असता. इथे धडा लावणारी मी आणि पुस्तक शोधणारीही मीच. सोलापुरात राहून, मराठीतून, या वयाला झेपतील आणि तरी थापा मारणार नाहीत अशी लढायांची पुस्तकं कशी जमवली, हे ओळखीतल्या एक-दोन घरशाळावाल्यांनी विचारलं. म्हणून हे सविस्तर.

पहिला आधार अर्थातच बालभारती. चौथीच्या परिसर अभ्यासाच्या दुसऱ्या भागात शिवाजी महाराज आहेत, सातवीच्या इतिहासात पुढची मराठेशाही. दोन्ही पुस्तकं फुकट डाउनलोड होतात. चौथीचं पुस्तक त्यानं फडशा पाडल्यासारखं संपवलं आणि सातवीचं मागितलं. तिथेही प्रत्येक लढाई एका परिच्छेदात सुरू होऊन त्याच परिच्छेदात संपते. सदाशिवराव भाऊ दक्षिणेतून निघाले, पानिपतावर पोचले, लढाई झाली. "आई, तोफा कुणी ओढल्या? बैलांनी? मग बैलांना चारा कोण द्यायचं?" मला काय माहीत! पण हा प्रश्न पुढे फार कामाला आला. पुस्तक हातात घेतलं की मी आधी बघायला लागले, यात बैल आहेत का. म्हणजे फौज काय खात होती, कुठून कुठे किती दिवसांत गेली, पाणी कुठलं होतं, बातमी कशी पोचली. हे असेल तर पुस्तक घरी येतं. नुसत्याच खणखणणाऱ्या तलवारी असतील तर जागेवर ठेवून द्यायचं.

नवी पेठेत पुस्तकांच्या दुकानात गेलं की ठरलेला प्रश्न येतो, "ताई, महाराजांचं दाखवू का किल्ल्यांचं?" मुलांसाठी म्हणून जे निघतं ते बहुतेक बत्तीस पानी चित्रमय चरित्र. प्रकाशक वेगळे, आतला मजकूर सख्ख्या भावंडांसारखा. त्यात नकाशा सापडला तर नशीब. दुसऱ्या टोकाला मोठ्यांच्या जाडजूड कादंबऱ्या. कादंबऱ्यांना माझा विरोध नाही, माझं स्वतःचं अर्धं वाचन तेच आहे. पण एका कादंबरीतला दोन सरदारांचा संवाद ऐकून त्यानं विचारलं, "हे बोलले ते कुणी लिहून घेतलं?" तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे. कादंबरी रात्री झोपताना. इतिहासाच्या वेळेला नाही.

मग वाचनालयं. एका ठिकाणी बाल विभागाचं सभासदत्व हवं तर शाळेचं बोनाफाईड आणा म्हणाले. शाळाच नाही तर बोनाफाईड कुठलं आणू? घरी शिकतो म्हटल्यावर समोरच्यांनी असं पाहिलं की जणू पोराला मी कारखान्यात धाडलंय. घरशाळावाल्यांना हे सगळीकडेच भेटतं. वाद घालण्यात अर्थ नसतो. मी सरळ स्वतःच्या नावावर मोठ्यांचं सभासदत्व घेतलं, आणि तेच बरं झालं. कारण कामाची पुस्तकं बाल विभागात नव्हतीच. हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जुनी संस्था गावात आहे हे सोलापूरकरांचं भाग्य. अशा जुन्या वाचनालयात इतिहासाच्या कपाटापुढे बसून चाळायला मिळालं की घरबसल्या यादी करण्यापेक्षा दसपट काम होतं. शेवटची पानं आधी बघायची: नकाशा, सनावळी, सूची. सूचीत 'बंजारा' किंवा 'धान्य' असा शब्द दिसला की मी खूश.

बंजाऱ्यांचं प्रकरण तर आमच्या दारातलंच निघालं. जुन्या फौजांना धान्य पुरवायचे ते लमाणांचे तांडे, बैलांच्या पाठीवर गोण्या लादून. १८०३ मध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीची फौज दख्खनमध्ये फिरत होती तिचं पोटही या तांड्यांवरच अवलंबून होतं. हैदराबाद रस्त्यावरचा मुळेगाव तांडा त्यानं लाख वेळा बसमधून पाहिलेला. त्या नावामागे एवढा पसारा आहे हे कळल्यावर खिडकीची जागा सोडेना.

पैसे न घालता जे मिळालं त्याचं थोडं सांगते, कारण पुस्तकांच्या किमती बघता हे महत्त्वाचं आहे. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक ऑनलाइन वाचता येतात. इतिहासावरचे लेख शोधत बसावं लागतं, पण भाषा मुलांची आहे. मराठी विश्वकोश सगळा खुला आहे आणि त्यात युद्धशास्त्राच्या नोंदी चांगल्या भरभक्कम आहेत. 'तोफखाना' ही नोंद आम्ही दोघांनी मिळून वाचली. विश्वकोशाची वाक्यं लांब, त्यामुळे मी एक वाक्य वाचायचं आणि त्यानं ते दोन छोट्या वाक्यांत सांगायचं असा खेळ केला. मराठीचा तास त्यातच उरकला. साहित्य संस्कृती मंडळाचीही बरीच पुस्तकं तशीच उतरवून घेता येतात. स्क्रीनवर त्याचं लक्ष टिकत नाही, म्हणून हवी तेवढी पानं झेरॉक्सवाल्याकडून छापून स्पायरल मारून आणते. नकाशे मात्र ए-थ्रीवर, त्यावर पेन्सिलीनं फौजा हलवता येतात.

पानिपतावर आम्ही सगळ्यात जास्त रमलो. बैलांचं उत्तर तिथे होतं. त्र्यं. शं. शेजवलकरांचं 'पानिपत : १७६१' हे मुलांचं पुस्तक नाही. मी आधी वाचायचे आणि त्याला सांगायचे. २५ ऑक्टोबर १७६० ला अब्दालीनं बागपतजवळ यमुना ओलांडली आणि भाऊंची दिल्लीची वाट तोडली. नोव्हेंबरपासून दोन्ही फौजा समोरासमोर. रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. १४ जानेवारी १७६१ ला जी लढाई झाली ती उपाशी माणसांनी आणि उपाशी जनावरांनी लढलेली होती. हे सगळं त्यानं वहीत तारखांसकट उतरवलं आणि म्हणाला, "म्हणजे लढाई आधीच सुरू झाली होती." मी काही बोलले नाही. यापेक्षा बरं मी तरी काय सांगणार होते?

मग त्याच लढाईचे दोन वृत्तान्त शेजारी ठेवले. एक भाऊसाहेबांची बखर. दुसरा काशीराज पंडिताचा. हा गृहस्थ शुजाउद्दौल्याच्या चाकरीत, म्हणजे समोरच्या छावणीत, आणि त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं फारसीत लिहून ठेवलं. बखरीची भाषा मला नीट वाचता येईना, तेव्हा सासऱ्यांना गाठलं. त्यांना कीर्तनाचा सराव, त्यामुळे अडखळणं नाही. पंधरा-पंधरा मिनिटं मोठ्यानं वाचायचे आणि चष्मा कपाळावर चढवून नातवाकडे बघायचे, "कळलं का रे?" कळलेलं असायचं निम्मं. पण दोन माणसं एकच दिवस वेगवेगळा सांगतात हे पक्कं कळलं. पराभवाची बातमी पेशव्यांना सावकारी पत्रातून कळली, दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या, खुर्द्याची गणतीच नाही, हे ऐकून तो आधी सांकेतिक भाषेवर फिदा झाला. दोन मोती कोण ते त्यानं लगेच ओळखलं, भाऊ आणि विश्वासराव. मग विचारलं, "खुर्दा म्हणजे बैल ओढणारे पण ना?"

आता जरा अवघड भाग. आमच्या वरच्या मजल्यावर त्याचा जिवलग मित्र राहतो, घरी उर्दू बोलणारा. दोघं जिन्यात लढाया खेळतात. एकदा वरून आवाज आला, "मी काय रोज खानच व्हायचं का?" मी भाजी चिरत होते, सुरी तशीच हातात राहिली. स्वस्तातल्या काही पुस्तकांत प्रत्येक पानावर एक धर्म विरुद्ध दुसरा अशीच मांडणी असते, आणि ती पोरांच्या खेळात अशी उतरते. असली पुस्तकं मी घरातून काढली. उपदेश मात्र केला नाही. त्याऐवजी इब्राहिमखान गारदी पुढे केला: उदगीरला निजामाविरुद्ध आणि पानिपतावर अब्दालीविरुद्ध मराठ्यांचा तोफखाना त्याच्याच हाताखाली होता. दुसऱ्याच दिवशी जिन्यात पीव्हीसी पाइपची तोफ लागली आणि वरच्या मजल्यावरचे गारदी जोरात होते. नंतर प्रतापगड वाचताना अफझलखानाच्या फौजेत मराठे सरदार होते हेही आलं, तेव्हा दोघांनाही बाजू बदलायला मोकळीक मिळाली.

या बाबतीत सगळ्यात मोठी मदत आमच्या भुईकोट किल्ल्यानं केली. सोलापूरचा किल्ला बहमनी काळातला. पुढे अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही त्यासाठी वर्षानुवर्षं भांडत राहिल्या. दोन्हीकडे सुलतानच. शेवटी चांदबिबीचं लग्न अली आदिलशहाशी झालं तेव्हा हा किल्ला आंदण म्हणून दिला गेला, आणि मगच दख्खनचे सुलतान एक होऊन जानेवारी १५६५ मध्ये विजयनगरच्या रामरायावर तालिकोटला चालून गेले. त्याआधी हाच रामराय कधी या सुलतानाच्या तर कधी त्या सुलतानाच्या बाजूनं उतरत असे. "म्हणजे आपला किल्ला हुंड्यात दिला?" यावर पोरगा दिवसभर हसत होता. कोण कुणाशी का लढलं हे धर्माच्या एका रेषेवर बसत नाही, हे त्याला पुस्तकापेक्षा त्या हुंड्यानं शिकवलं.

किल्ल्यात फिरायला जायचं ते छापील पानं घेऊन. सोलापूर जिल्ह्याचं १८८४ चं जुनं गॅझेटियर इंग्रजीत आहे, तेही ऑनलाइन फुकट. मी तिथल्या तिथे मराठीत सांगत जाते. फेब्रुवारी १८१८ ला आपल्याच जिल्ह्यात आष्टीला पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले, साताऱ्याचे छत्रपती इंग्रजांच्या हाती गेले. मे महिन्यात इंग्रज सेनापती मन्रोच्या फौजेनं सोलापूरला पेशव्यांचं उरलेलं पायदळ आणि तोफा गाठल्या आणि किल्ला घेतला. खंदक, दुहेरी तट, एका अंगाला तलाव, हे समोर दिसत असताना "तू आत असतास तर कुठून पळाला असतास?" एवढाच प्रश्न पुरतो. मंगळवेढ्याच्या वाटेवर माचणूर आहे. भीमेकाठच्या त्या टापूत, ब्रह्मपुरीला, औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ पडून होती. दिल्लीचा बादशहा चार वर्षं आपल्या भीमेचं पाणी पीत होता, हे कुठल्याही बत्तीस पानी पुस्तकात नाही.

आणि विजापूर. मलिक-ए-मैदान तोफ बघायला गेलो. सिंहाचा जबडा, त्यात चिरडला जाणारा हत्ती, वजन ५५ टनांच्या आसपास. ती आधी परांड्याच्या किल्ल्यावर होती, १६३२ मध्ये विजापूरला आणली. आणायला दहा हत्ती आणि चारशे बैल लागले असं सांगतात. चारशे! पोरगं तोफेकडे पाठ करून रस्त्याकडे बघत उभं राहिलं आणि चारशे बैलांच्या जोड्या किती लांब पसरतील याचा हिशोब मांडायला लागलं. गणिताची वही आणली नव्हती याचं मला वाईट वाटलं.

आधुनिक युद्धांकडे जाताना मी जरा बिचकत होते. फोटो असतात, बॉम्ब असतात. सुरुवात केली ती आपल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांपासून. १९१० चा जन्म, सोलापूरचाच. १९३८ ला चीन-जपान युद्धात जखमींवर उपचार करायला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी एक. १९४२ ला तिकडेच गेले. भैय्या चौकात स्मारक आहे. लढाईत लढणाऱ्याखेरीज आणखी कोण कोण असतं, याची यादी आम्ही त्यानंतर केली. बैलवाला पहिला, डॉक्टर दुसरा. मग यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव, दुसऱ्या महायुद्धात इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेले मराठा पलटणीचे दोघे. इटली जगाच्या नकाशावर शोधताना भूगोलही झाला.

नातेवाईक विचारतात, परीक्षेचं काय. मुक्त विद्यालय मंडळाकडून पाचवीच्या तोडीची परीक्षा देता येते, पुढे आठवी आहे, दहावीला शाळेबाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म आहे. त्यात चारशे बैल विचारणार नाहीत हे मलाही ठाऊक आहे. महसूल विचारतील. तर त्याची युक्तीही सापडली आहे: "या फौजेचा पगार कुठून आला?" असं विचारलं की महसुलाचं पान आपोआप उघडतं.

सध्या मागणी आरमाराची आहे. कान्होजी आंग्रे, गलबतं, गुराबा. जहाजांचे नकाशे आणि वल्ही मारणाऱ्यांचं जेवण, दोन्ही असलेलं मराठी पुस्तक अजून हाती लागलेलं नाही. कुणाकडे असलं तर जरूर कळवा. कादंबरी नको, त्या घरात भरपूर आहेत.