लुडो नव्हे, क्लूडो

डबिंगचं लिखाण म्हणजे निम्मं भाषांतर आणि निम्मं ओठ बघणं. समोरच्याच्या ओठांचा ‘ऊ’ला चंबू होत असेल, तर तुमच्या शब्दातही तिथे ‘ऊ’च यायला हवा. म्हणून एका इंग्रजी रहस्यमालिकेचा दुसरा भाग लिहिताना मी स्वतःवर जाम खूश झालो होतो.

प्रसंग साधा. पार्टीत एक मध्यमवयीन माणूस सांगतो, की माझं अख्खं बालपण बोस्टनमध्ये गेलं, पावसाळी संध्याकाळी आम्ही घरात क्लूडो खेळायचो, मी नेहमी रेव्हरंड ग्रीन असायचो. क्लूडो म्हणजे पटावर खुनी शोधायचा खेळ, आणि रेव्हरंड ग्रीन हा त्यातला एक संशयित. आता मराठी घरात क्लूडो कोणाला ठाऊक? मी लिहिलं, ‘आम्ही लुडो खेळायचो. हिरव्या सोंगट्या कायम माझ्या.’ ओठ असे जुळले की रेकॉर्डिस्टने काचेपलीकडून अंगठा दाखवला. भाग मिक्स होऊन गेलासुद्धा.

पाच ते सात या भागांची संहिता नंतर आली. डोंबिवलीहून घाटकोपर आणि तिथून मेट्रोने अंधेरी, या प्रवासात मी ती मोबाइलवर वाचायची ठरवली. लोकलमध्ये उभं राहायलाच जागा नव्हती, त्यामुळे वाचन सुरू झालं ते मेट्रोत. साकीनाका गेलं आणि मला घाम फुटला. सहाव्या भागात तपास करणारी बाई त्याच माणसासमोर खेळाचा डबा ठेवते आणि म्हणते, तू अमेरिकेत वाढलेलाच नाहीस. अमेरिकेत या खेळाला क्लूडो म्हणत नाहीत, क्लू म्हणतात. आणि तिथे रेव्हरंड ग्रीन नसतो, मिस्टर ग्रीन असतो.

म्हणजे अख्ख्या मालिकेतला धागा मी हिरव्या सोंगटीसकट गिळला होता. त्यातही गंमत बघा, क्लूडोचा लुडो करताना मी नेमका ‘क्लू’च कापून टाकला होता.

स्टुडिओत पोचल्यावर डबिंग डायरेक्टर ताईंना सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. ते जास्त वाईट असतं. मी बचावाचा प्रयत्न केला, “ताई, पण क्लूडो म्हटलं तर प्रेक्षकाला कळणार नाही.”

“दुसऱ्या भागात कळू नये म्हणूनच तर लिहिलंय ते,” त्या म्हणाल्या. “काकांना फोन लाव.”

त्या माणसाला आवाज देणारे काका जुने रंगकर्मी. दुपारी शिवाजी मंदिरला त्यांचा प्रयोग होता, सातच्या आत येणं शक्य नव्हतं. मधल्या वेळात मी त्या खेळाचं मूळ खणत बसलो. आधी खणलं असतं तर ही वेळ आली नसती, पण असो.

खेळ रचणारा अँथनी प्रॅट बर्मिंगहॅमचा. तरुणपणी तो हॉटेलांत पियानो वाजवायचा आणि तिथे पाहुण्यांचे लुटुपुटूच्या खुनाचे खेळ रंगताना बघायचा. मग युद्ध आलं, ब्लॅकआउट आले, संध्याकाळच्या बैठकी बंद पडल्या. १९४४ साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला. पटावरचा घराचा नकाशा बायकोने, एल्वाने काढला होता. युद्धानंतरच्या टंचाईमुळे खेळ बाजारात यायला १९४९ उजाडलं. सहा संशयित, सहा हत्यारं, नऊ खोल्या, म्हणजे खुनाच्या ३२४ शक्यता.

मी थबकलो ते नावापाशी. क्लू अधिक लुडो, म्हणून क्लूडो. लुडो म्हणजे लॅटिनमध्ये ‘मी खेळतो’. पण इंग्रज माणसाला आधी आठवायचा तो घरोघरचा लुडोचा पट, ज्याचं पेटंट इंग्लंडमध्ये १८९६ साली निघालं आणि जो सरळसरळ आपल्या पचिसीवरून उचललेला. अमेरिकेत त्याच पचिसीचा वेगळा अवतार ‘पार्चीसी’ नावाने खपत होता. लुडो हे नावच तिकडे रुजलेलं नव्हतं, तर त्यावरची कोटी कोणाला कळणार? म्हणून तिथे शेपूट उडवून नुसतं ‘क्लू’. आणि खुनाच्या संशयितांत धर्मगुरू नको, म्हणून रेव्हरंडचा मिस्टर झाला.

थोडक्यात, तो बनावट बोस्टनकर पकडला गेला तो आपल्या कवड्यांच्या खेळाने मागे सोडलेल्या दोन अक्षरांमुळे. आणि मी तीच दोन अक्षरं ठेवून बाकीचं खोडलं होतं! हे ताईंना सांगावंसं वाटत होतं. त्यांचा चेहरा बघून गप्प बसलो.

सहाव्या भागाचं जमलं. डबा पडद्यावर दिसत असताना बाई पाठमोरी आहे, त्यामुळे ओठांची कटकट नव्हती. फक्त घाईत मी खुनाच्या हत्यारांत ‘मेणबत्ती’ लिहून ठेवलं होतं. आवाज देणारी मुलगी माइकवरून म्हणाली, “दादा, मेणबत्तीने काय, चटके देऊन मारला?” मग त्याचं शमादान, म्हणजे मेणबत्ती लावायचा स्टँड, केलं.

काका साडेसातला आले. गळ्यावर अजून मेकअप होता. “माझी आजी सारीपाट काढायची दिवाळीत,” खुर्चीत टेकता टेकता ते म्हणाले, “कापडी. आम्हाला हात लावू द्यायची नाही.” मग हेडफोन चढवले. पहिल्या टेकला सवयीने ‘लुडो’च म्हणाले. दुसऱ्याला ‘क्लूडो’ आलं, पण प्रत्येक अक्षर इतकं घासूनपुसून, की बहिऱ्यालाही संशय यावा. तिसऱ्याला बरोबर, सहज, पावसाची आठवण काढावी तसं निसटतं.

“ओके,” ताई म्हणाल्या. दिवसभरातला त्यांचा पहिला हसरा शब्द.

काकांनी हेडफोन काढले आणि काचेतून माझ्याकडे बघितलं. “म्हणजे खून मीच केलाय का रे?”

“आठवा भाग अजून आला नाही काका,” मी म्हणालो.