पक्षाचं नाव नसलेली प्रचारगीतं

परभणीत निवडणूक आधी ऐकू येते, मग दिसते. रिक्षाच्या टपावर दोन भोंगे, आत पेन ड्राइव्ह सांभाळत बसलेला एक पोरगा, आणि स्टेशन रोडपासून वसमत रोडपर्यंत दिवसभर एकच गाणं. मी आता राहते त्या इंग्लंडमध्ये यातलं काही नाही. टीव्ही आणि रेडिओवर पैसे मोजून राजकीय जाहिरात करायला इथं कायद्यानंच बंदी आहे. दाराच्या फटीतून पत्रकं आत पडतात, एखादा कार्यकर्ता बेल वाजवून अदबीनं विचारपूस करतो, चाललं. २२ मे २०२४ ला पंतप्रधान ऋषी सुनक भर पावसात उभे राहून निवडणूक जाहीर करत होते, तेव्हा फाटकाबाहेरून एका आंदोलकानं लेबर पक्षाचं १९९७ च्या प्रचारातलं गाणं मोठ्यानं लावलं होतं. त्या अख्ख्या निवडणुकीत भोंग्यावरचं गाणं मी ऐकलं ते एवढंच, तेही टीव्हीत.

म्हणून आमच्या इथल्या गावातल्या कलाकारांनी ग्रीन पार्टी या पर्यावरणवादी छोट्या पक्षाच्या स्थानिक उमेदवारासाठी गाण्यांचा एक अल्बम काढला, तेव्हा मी तो लगेच विकत घेतला. गाव म्हणजे आपल्या सेलू-मानवतसारखं, बाजारपेठ आणि मधून एक नदी असलेलं. अल्बमात कोण कोण? पबमध्ये गिटार घेऊन गाणारी एक बाई, शाळेतले संगीताचे सर, फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवणारं एक म्हातारं जोडपं, कॉलेजातल्या पोरांचा कानठळ्या बसवणारा एक बँड. प्रत्येकानं एक गाणं फुकट दिलं. अल्बम बँडकॅम्प या गाणी विकायच्या वेबसाइटवर ठेवला. तिथं कमीत कमी किंमत ठरलेली असते, वर किती द्यायचे ते ऐकणाऱ्यानं ठरवायचं. पंधरा टक्के कंपनी कापते, उरलेले या बाबतीत पक्षाच्या स्थानिक शाखेला.

आणि शाखेला पैसे कशाला हवे होते? सगळ्यात आधी अनामत भरायला. इथं खासदारकीची अनामत ५०० पौंड, म्हणजे त्या वेळच्या भावानं पन्नास हजारांच्या थोडं वर. आपल्याकडं लोकसभेला सर्वसाधारण उमेदवाराला २५ हजार. पण ती वाचवायला आपल्याकडं वैध मतांचा सहावा हिस्सा लागतो, इथं पाच टक्के पुरतात. छोट्या पक्षासाठी हा फरक फार मोठा आहे. पाच टक्के ही गाठता येईल अशी गोष्ट असते, त्यासाठी माणसं उत्साहानं राबतात.

माझे मामा परभणीत रेकॉर्डिंग स्टुडिओ चालवतात. निवडणुकीच्या सीझनला त्यांच्याकडं श्वास घ्यायला फुरसत नसते. त्यांना मी लिंक पाठवली. रात्री फोन आला.

"ऐकलं सगळं. पण उमेदवाराचं नाव कुठंय?"

"नाही मामा. नावच नाही."

"पक्षाचं?"

"तेही नाही."

"निशाणी?"

मी हसायला लागले. मामा मात्र हसले नाहीत. "मग लोक मत कुणाला देणार? काय करायलेत हे लोक?"

मामांचा प्रश्न धंद्यातल्या माणसाचा आहे आणि रास्त आहे. आपल्याकडच्या प्रचारगीताचं गणित पक्कं आहे. चाल लोकांच्या तोंडात बसलेली हवी, म्हणजे बहुतेक वेळा सिनेमातली. मुखड्यात साहेबांचं नाव, प्रत्येक अंतऱ्याच्या शेवटी निशाणी, कोरसला चार पोरं. गायक तोच असतो. सकाळी एका पक्षाचा विजय निश्चित करतो, दुपारी जेवून आला की दुसऱ्याचा. यात मला नाक मुरडण्यासारखं काही वाटत नाही. भजनी मंडळात आणि लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वर्ष काढणाऱ्या वादकाला चार पैसे दिसतात ते याच दिवसांत.

इथल्या अल्बमात मात्र एक गाणं नदीवर आहे. इंग्लंडमधल्या पाणी कंपन्यांनी २०२३ या एका वर्षात ३६ लाख तास सांडपाणी नद्यांत आणि समुद्रात सोडलं, हा सरकारी आकडा आहे. तो गाण्यात नाही. गाण्यात आहे लहानपणी त्या नदीत पोहायला शिकलेली आणि आता नातवाला पाण्याकडं जाऊ न देणारी आजी. गोदाकाठच्या गंगाखेडच्या माणसाला हे गाणं समजावून सांगावं लागणार नाही. दुसरं एक गाणं बंद पडलेल्या पबवर आहे. २०२३ मध्ये ब्रिटनभर अशी गाण्याबजावण्याची १२५ छोटी ठिकाणं बंद पडली किंवा तिथलं गाणं थांबलं. ब्रेक्झिटनंतर युरोपात कार्यक्रम करायचे तर व्हिसा आणि सामानाची कागदपत्रं यांतच बँडचा जीव जातो. कलाकार या पक्षाकडं का वळले, ते या दोन गाण्यांत आलंच.

मामांना मी म्हटलं, आपल्याकडंही हे होतंच की. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग सुरू झाले. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायच्या, नामांतराच्या चळवळीतले जलसे. १९७८ च्या ठरावापासून १९९४ च्या नामविस्तारापर्यंत मराठवाड्यात वस्तीवस्तीत गाणी झाली, ती कुणी सुपारी देऊन लिहून घेतली नव्हती. हलगी घरची, ढोलकी उसनी, माईक असला तर असला. तसंच शेकापचं, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचं. कंधारचे केशवराव धोंडगे १९७७ मध्ये नांदेडमधून खासदार झाले, त्याच वर्षी परभणीतूनही शेकापच निवडून आला. मामा तेव्हा शाळकरी होते. सभा सुरू व्हायच्या आधी शाहीर उभा राहायचा आणि लोक त्याच्यासाठी लवकर यायचे, असं ते सांगतात. पक्षाकडं पैसा नव्हता, म्हणून गाणारा पक्षातलाच असायचा. २०१९ च्या विधानसभेत शेकापचा राज्यात एकच आमदार आला, तोही आपल्या लोह्यातून. त्या प्रचारात मात्र डीजे होता, मामांनीच मिक्सिंग केलं होतं.

आता अल्बमबद्दल खरं सांगायचं तर अर्धी गाणी रटाळ आहेत. फिडलवाल्या जोडप्याचं गाणं संपता संपत नाही. आणि घेतला कुणी? जे आधीपासून ग्रीनलाच मत देणार होते, त्यांनीच. ट्रॅक्टर दुरुस्त करणारे माझे शेजारी त्या अल्बमाच्या वाटेलाही गेले नाहीत. भोंग्याचा त्रास होतो हे कबूल, पण तो गल्लीतल्या प्रत्येकाच्या कानात जातो, विरोधकाच्याही. इथलं गाणं ज्याला हवं त्यानंच विकत घेऊन हेडफोनवर ऐकायचं. हा प्रचार झाला की आपसातलं भजन?

तरी या पक्षाला चिकाटी आहे. १९८९ च्या युरोपीय निवडणुकीत ब्रिटनमध्ये ग्रीनना जवळपास १५ टक्के मतं पडली आणि जागा एकही नाही. २०१५ मध्ये अकरा लाखांवर मतं, खासदार एक. पद्धत आपल्यासारखीच आहे, ज्याला सगळ्यात जास्त मतं तो निवडून आला, बाकीच्यांची गेली पाण्यात. ४ जुलै २०२४ ला इंग्लंड आणि वेल्समध्ये अठरा लाखांवर मतं मिळाली आणि चार खासदार आले. त्यातली एक जागा ब्रिस्टलच्या मध्यवर्ती भागातली, लेबरच्या बड्या नेत्याला हरवून घेतलेली. आमच्याकडचा उमेदवार हरला, पण अनामत वाचली.

अरे हो, मत मीही दिलं. भारताचा पासपोर्ट असूनसुद्धा. कॉमनवेल्थ देशाचा नागरिक इथं रीतसर राहत असेल आणि यादीत नाव असेल, तर त्याला इथल्या संसदेसाठी मत देता येतं. कुणाला दिलं ते मामांनाही सांगितलेलं नाही. उलट परभणीच्या यादीत परदेशी राहणारी मतदार म्हणून नाव घातलं तरी मत टाकायला मला स्वतः बूथवर यावं लागणार. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला ते जमलं नाही.

त्या धामधुमीत मामांचा एकदा फोन आला. त्यांना एकच हिशेबाची गोष्ट विचारायची होती. निकालानंतरही तो अल्बम कुणी विकत घेतला, तर पैसे कुणाला? संगीताच्या सरांना मी रस्त्यात गाठून विचारलं. पैसे शाखेलाच जातात, पण गाण्याचा हक्क ज्याचा त्याच्याकडं. उद्या पक्षाशी पटलं नाही तर आपलं गाणं काढून घ्यायची प्रत्येकाला मुभा आहे, असं ते म्हणाले. आणि अजूनही अधूनमधून कुणीतरी घेतं म्हणे.

हे सांगितल्यावर मामा म्हणाले, "निकालानंतर? आमच्याकडं तर निकालाच्या दुसऱ्या दिवशी पेन ड्राइव्हसुद्धा परत न्यायला कुणी येत नाही गं. गल्ल्यात पन्नासेक पडलेत. हरलेल्यांचे वेगळे ठेवलेत, त्यांची उधारी बाकी आहे."