टँकर कुठवर आलाय?

एप्रिल 2021 चा शेवटचा आठवडा, कोरोनाची दुसरी लाट. जिल्हाधिकारी कार्यालयात ऑक्सिजन कक्ष उघडला होता आणि रात्रपाळीला माझं नाव लागलं होतं. मूळचा मी पुरवठा शाखेचा. रेशनचा गहू-तांदूळ, गोदामं, ट्रक, वाहतूक ठेकेदार यांच्यात हयात गेली. उन्हाळ्यात टंचाई शाखेला माणसं कमी पडली की पाण्याच्या खेपा मोजायलाही आम्हालाच बसवायचे. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, त्या मराठवाड्यात महसूल खात्यातल्या माणसाला टँकरचं काय नवल? ऑक्सिजनमधलं फार कळत नव्हतं, पण खेप कळत होती.

पहिल्या लाटेनंतर काहीच तयारी झाली नाही, असं लोक म्हणतात. ते खरं नाही. 4 मे 2020 ला वित्त विभागानं खर्चाला कात्री लावली. योजनांना 33 टक्केच निधी आणि नवी भरती बंद. त्यातूनही सार्वजनिक आरोग्य, वैद्यकीय शिक्षण, अन्नपुरवठा आणि मदत-पुनर्वसन ही खाती प्राधान्याची ठरवली. आमच्याकडे वसतिगृहांत कोविड केअर सेंटरं उभी राहिली, खाटा वाढल्या, व्हेंटिलेटर आले. रोज संध्याकाळी वर जाणाऱ्या तक्त्यात या सगळ्याला रकाने होते. फक्त त्या खाटेपर्यंत ऑक्सिजन कुठून, किती तासांत आणि कुणाच्या भरवशावर येणार, याला रकाना नव्हता.

साधा हिशोब सांगतो. जम्बो सिलिंडरमध्ये सुमारे सात हजार लिटर ऑक्सिजन बसतो. मिनिटाला पाच लिटरवर असलेल्या रुग्णाला तो जवळपास दिवसभर पुरतो. हायफ्लोवर, म्हणजे नाकातून जोरानं ऑक्सिजन देणाऱ्या यंत्रावर, साठ लिटरनं चालू असलेल्याला दोन तासही पुरत नाही. म्हणजे रुग्ण तितकेच राहिले, तरी दहाबारा जण हायफ्लोवर गेले की गणित कोलमडतं. राज्याचं रोजचं उत्पादन साडेबाराशे टनांच्या घरात होतं आणि मागणी त्याच्या पुढं गेली होती. कारखान्यांचा ऑक्सिजन बंद करून सगळा दवाखान्यांकडे वळवला होता. कळंबोलीहून रिकामे टँकर रेल्वेवर चढवून पार विशाखापट्टणमला पाठवले, तेही याच दिवसांत.

त्या रात्री आमचा टँकर चाकणहून भरून निघाल्याचा निरोप साडेदहाला आला. सोलापूर रस्त्यानं टेंभुर्णी, तिथून कुर्डुवाडी, बार्शी. पहाटेच्या आत यायला हवा होता. दीडनंतर चालकाचा फोन लागेना. तिकडं दवाखान्यातून दर अर्ध्या तासाला एकच विचारणा, “टँकर कुठवर आलाय?” टाकीचा काटा उतरत होता.

मग वाटेवरच्या पोलीस ठाण्यांना फोन लावत सुटलो. तीनच्या सुमारास गस्तीच्या गाडीला टँकर सापडला. टेंभुर्णीच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला उभा, आणि चालक केबिनमध्ये गाढ झोपलेला. शिपायानं त्याच्याशी बोलणं करून दिलं. “साब, कल सुबह से बिस्किट पे हूँ. ढाबे सब बंद हैं. आँख नहीं खुल रही.” 14 एप्रिलच्या रात्रीपासून राज्यात कडक निर्बंध होते. ढाब्यावर बसून जेवायला बंदी, आणि पार्सल द्यायला रात्री दोनला कोण जागं असणार? टँकरला हिरवा कंदील होता, पोलिसांनी मोकळी करून दिलेली वाट होती, सगळं होतं. गाडी हाकणाऱ्याच्या पोटाचं कुणी बघितलं नव्हतं.

दुसरा चालक देता येत नव्हता. द्रवरूप ऑक्सिजनची गाडी कुणाच्याही हातात देत नाहीत, त्याचं वेगळं प्रशिक्षण लागतं. मी वरिष्ठांना विचारलं आणि आम्ही ठरवलं, तासभर झोपू दे त्याला. पेंगणाऱ्या माणसाला भरल्या टँकरसकट रस्त्यावर आणण्यापेक्षा तो तास परवडला. शिपायानं घरून भाकरी आणि पिठलं आणून दिलं. मिरचीचा ठेचा खाऊनच झोप उडाली असेल, असं आमच्या कार्यालयातला शिपाईमामा नंतर म्हणाला.

तो तास दवाखान्यानं काढला. डॉक्टर आणि दोन सिस्टर एकेका खाटेशी जाऊन बोटाला ऑक्सिमीटर लावत होत्या. 97, 98 दिसलं की फ्लोमीटरची गोळी खाली, म्हणजे ऑक्सिजनचा प्रवाह कमी. ज्यांना झेपेल त्यांना पालथं झोपवलं. जेवताना, संडासला जाताना मास्क काढून ठेवलेला आणि ऑक्सिजन तसाच फुसफुसत चाललेला, असे चालू नळ बंद केले. नंदुरबारनं एव्हाना याच कामासाठी वेगळ्या ऑक्सिजन नर्स नेमल्या होत्या, आणि त्या ऐन वेळी किती वाचवतात ते आम्हाला त्या रात्री दिसलं. रिफिलिंगवाल्याला उठवून काही जम्बो सिलिंडर पिकअपमधून पाठवले.

साडेसातला टँकर आवारात शिरला. पाइप जोडला, तसा त्यावर पांढरा बर्फ चढत गेला आणि जमिनीलगत धूर पसरला. चालक टायरला टेकून बिडी काढायला लागला. चारपाच जण एकदमच ओरडले, तेव्हा ती परत खिशात गेली.

घरी जायच्या आधी शाखेत डोकावलो, तर तिथं वेगळीच रांग. निर्बंधांबरोबर सरकारनं 5,476 कोटींचं पॅकेज जाहीर केलं होतं. नोंदणीकृत बांधकाम मजूर, फेरीवाले आणि परवानाधारक रिक्षावाल्यांना 1,500 रुपये, अन्नसुरक्षेच्या कार्डावर माणशी तीन किलो गहू आणि दोन किलो तांदूळ फुकट, शिवभोजन थाळीही महिनाभर फुकट. साखर कारखान्यांवरून नुकत्याच परतलेल्या ऊसतोड टोळीचा एक मुकादम आला होता.

“साहेब, आमचं नाव कुठल्या यादीत?”

“ऊसतोडीची यादी नाही, मुकादम. धान्य मिळेल.”

“धान्य घेऊ की. पण दळणाला, तेलामिठाला पैसा लागतोय. फिटली नाही ती उचल हायेच डोक्यावर.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. जो आधीच नोंदलेला होता, त्याच्या खात्यात पैसे टाकणं सोपं होतं. मराठवाड्यातला खरा हातावर पोट असलेला माणूस सहा महिने परजिल्ह्यात असतो. त्याची नोंद करायची तर ती साथीच्या आधी, पट्टा पडून म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपून तो गावी आल्यावरच करायला हवी होती.

संध्याकाळी तक्त्यात मी दोन रकाने वाढवले: चालकाचं जेवण कुठं, झोप कुठं. वरिष्ठांनी लगेच मान्य केलं. लेखा शाखेनं विचारलं, हा खर्च कुठल्या शीर्षाखाली टाकायचा? पाण्याच्या टँकरवाल्याच्या जेवणालाही कधी शीर्ष नव्हतं. शेवटी वाटेवरच्या ठाण्यांनी आणि दोन गावांतल्या गणेश मंडळांच्या पोरांनी डबे सांभाळले, आणि माझा रकाना बिनपैशाचा भरत राहिला.