आमची वाटचाल : घाट परतीला लागतो

पुण्याचा सायकलवाला पहाटे सिंहगड चढतो आणि उतरत उतरत घरी येतो. आम्हा इंदूरवाल्यांचं उलटं. आपण बसलोय माळव्याच्या पठारावर. महूवरून जाम गेट गाठायचं, अहिल्याबाईंच्या काळातल्या त्या दरवाजातून खाली निमाडात सुटायचं, महेश्वरला नर्मदेकाठी चहा घ्यायचा. इथवर सगळे राजे. मग दहा-अकराच्या उन्हात तोच घाट चढून घरी यायचं. आमच्या सायकलच्या दुकानाचं गणित या परतीत आहे, आणि भागीदाराशी फाटलं तेही यावरूनच.

वडिलांचं दुकान रामबागेत होतं. तासावर भाड्याच्या सायकली, पंक्चर, ओव्हरऑइलिंग. गिरण्या बंद पडत गेल्या, घरोघरी लुना-स्कूटर आल्या, भाड्याच्या सायकली भिंतीला टेकून गंजल्या. माझ्या वाट्याला आली आऱ्यांची चावी आणि एक बाक. बाकाला जुन्या सायकलचा फोर्क उलटा ठोकलेला, त्यात चाक बसवून त्याचा वाकडेपणा काढायचा. रिम कुठे लागते ते डोळ्यांनी बघायचं नाही, फोर्कच्या दांडीवर अंगठा टेकवून नखाने ऐकायचं. आरा पाव फेराच फिरवायचा, अर्धा फिरवलात की समोरची बाजू रुसते. आज दुकानात चाक सरळ करायचं चांगलं परदेशी ट्रूइंग स्टँड आहे, पण शेवटचा हात मी बाकावरच मारतो. पोरं हसतात. हसू देत.

२०१३ मध्ये रोड सायकली, म्हणजे बारीक टायरच्या गिअरवाल्या, ठेवायला लागलो ते भागीदाराच्या जोरावर. वाड्यातलाच मित्र. तो बोलायचा, मी नट-बोल्टचे पाने फिरवायचो. खोटं का सांगू, त्याच्या बोलण्याशिवाय पहिली सायकल विकली गेली नसती.

पहिल्याच वर्षी आले आमचे गणिताचे सर. निवृत्त, बारीक चणीचे, पुण्याहून सेकंडहँड सायकल घेऊन आलेले. पुढच्या दोन दातेरी चकत्या ५३ आणि ३९ दातांच्या, मागच्या १२ पासून २५ पर्यंत. म्हणाले, "घाटात गुडघा बोलतो. मीच म्हातारा झालोय की यंत्रात काही आहे, ते सांग." मी म्हटलं, सर, यंत्रात आहे. त्यांनी तिथेच बिलाच्या मागे हिशेब मांडला. चाकाचा घेर सुमारे २.१ मीटर. पुढे ३९, मागे २५, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात सायकल ३.३ मीटर जाते. पुढे ३४, मागे ३२ केलं तर २.२ मीटर. घाटात ताशी ८ किलोमीटरने चढताना पहिल्या जोडीत मिनिटाला ४० फेरे पडतात, दुसरीत ६०. "म्हणजे काम तेवढंच, पण हप्ते लहान," सर म्हणाले. ते बिल मी लॅमिनेट करून लावलंय. सहा महिने गिऱ्हाइकाला जे समजावत होतो ते या माणसाने एका ओळीत सांगितलं.

भागीदाराला हे पटायचं नाही. पोरं यायची, टीव्हीवर रेस बघून ५३ ची चकती मागायची. मी म्हणायचो, भिया, आधी जाम गेटहून परत येऊन दाखव, मग घे. तो म्हणायचा, "गिऱ्हाईक मागतं ते दे ना. फुकटचे सल्ले वाटायला आपण काय वैद्य आहोत?" २०१७ मध्ये तो वेगळा झाला. मोठ्या रस्त्यावर काचेचं, एसीचं दुकान काढलं. जाताना गिऱ्हाइकांच्या नंबरांची वही नेली, ती दोघांची होती. आणि आमच्याबद्दल गावभर पसरवलं: "तिथे म्हाताऱ्यांचे गिअर मिळतात." हा शब्द मला अजून लागतो.

पुढच्याच उन्हाळ्यात घाटातून फोन आला. त्याच्याच दुकानातली सायकल. मागे ११-३२ ची कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, चढवली होती, पण चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा आणि ताणून धरणारा डिरेलर आखूड पिंजऱ्याचा आणि चेन जुन्याच लांबीची. पोराने चढावर मोठी-मोठी लावली, म्हणजे पुढची आणि मागची दोन्ही सगळ्यात मोठ्या चकत्या, चेन ताणून अडकली, डिरेलर ज्याला टांगलेला असतो तो हँगर मोडला, डिरेलर आऱ्यांत गेला. टेम्पो घेऊन गेलो, उतरवून आणलं, नवा हँगर लावला, हँगरचेच पैसे घेतले. भागीदाराबद्दल त्या पोराशी एक शब्द बोललो नाही. आता लिहितोय, ते वेगळं.

(कॅसेट बदलणाऱ्यांनी एवढं कराच: पुढच्या दोन चकत्यांतला फरक आणि मागच्या लहान-मोठ्या दातांतला फरक यांची बेरीज करा. ५०/३४ ला ११-३२ म्हणजे १६ अधिक २१, झाले ३७. तुमचा डिरेलर तेवढी चेन ओढून धरतो का, आणि मागची सगळ्यात मोठी चकती त्याला चालते का, ते आधी बघा. मोठी-मोठी जोडी वापरायची नसली तरी चेन तिला पुरेल एवढी लांब हवीच. थकलेला माणूस कुठलंही बटण दाबतो.)

मधली वर्षं ठीक गेली. मग २०२० आलं. लॉकडाऊन उठला तशी सायकलीवर अशी झुंबड की शोरूमचे नमुनेसुद्धा विकले. माल मिळेना. एका बाहेरगावच्या व्यापाऱ्याला कर्ज काढून आगाऊ रक्कम भरली, बेचाळीस सायकलींची. त्या आल्या तेव्हा २०२२ उजाडलं होतं, जिम उघडल्या होत्या, लोकांच्या सायकलींवर कपडे वाळत होते. बेचाळीस खोकी. हप्ता दर महिन्याच्या पाचला. दुकानाचा पुढचा अर्धा भाग नमकीनवाल्याला भाड्याने दिला. आठ महिने माझ्या नव्या टायरांना लसूण-शेवेचा वास यायचा. भागीदाराने निरोप पाठवला, सगळा माल उचलतो, निम्म्या भावात. माणूस रात्री झोपत नसला की असल्या निरोपाला हो म्हणतो. मी म्हणणारच होतो.

सरांना कुणी सांगितलं देव जाणे. एका रविवारी राइड संपवून सतरा जणांना घेऊन आले, नमकीनवाल्याच्या बाकड्यावर पोहे खायला बसवलं आणि वही उघडली. वर्षभराच्या सर्व्हिसिंगचे पैसे आगाऊ, दर माणशी सारखे, पावती द्यायची. "मदत नाही ही," म्हणाले, "चेन तुमची झिजतेच आहे." त्या पैशांत चार हप्ते गेले. तेवढ्यात खोकी हळूहळू निघाली, कमी नफ्यात, पण निम्म्या भावात नाही.

चेन झिजते यावरून आठवलं. अकरा स्पीडची, म्हणजे मागे अकरा चकत्या असलेल्या सायकलची, चेन झीज मोजायच्या गेजवर ०.५ दाखवू लागली की बदला. पावसाळ्यात आपली काळी माती तेलात मिसळून कानस होते, म्हणून तेल घालण्याआधी पुसा. झिजलेली चेन वाचवून तिच्यापायी कॅसेट खाणारे माझ्याकडे आठवड्याला दोन येतात आणि वर भाव करतात.

सर आता सत्तरीच्या पुढे आहेत. मधे पुढे ३४ आणि मागेही ३४ करून दिलं, पेडलचा एक फेरा की चाकाचा एक फेरा. गेल्या आठवड्यात सायकल टेकवून म्हणाले, मागे ३६ बसेल का? मी म्हटलं, सर, हा डिरेलर ३४ पर्यंतचाच. "बघ काहीतरी," म्हणाले आणि पोहे खायला गेले. सायकल बाकाशेजारी उभी आहे. बघतोय.