ब्रसेल्सची फायनल, मागच्या रांगेतून

व्हॉलीबॉलची मॅच किती वेळ चालेल हे कुणी सांगू शकत नाही. हे मला शाळेत असल्यापासून ठाऊक आहे. तरीही ३ सप्टेंबर २०२३च्या रविवारी, रात्री आठची फायनल बघून परतीची गाडी मिळेल असा हिशोब करून, मी आई आणि लेकीला घेऊन आयंदहोवनहून ब्रसेल्सला गेले. तीन सेटमध्येच, तीन-शून्य झालं तर साडेनऊला बाहेर, पळत मेट्रो, पळत स्टेशन. तीन-दोन झालं तर काय करायचं, याचा विचारच केला नव्हता. झालं तीन-दोन. ती रात्र कशी काढली ते पुढे सांगते, पण महिलांच्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेला जाणाऱ्यांना पहिला सल्ला हाच: फायनलच्या रात्रीची खोली आधी बुक करा, मग मॅचची तिकिटं काढा.

आम्ही गेलो त्याचं निमित्त आई. ती तीन महिन्यांसाठी कराडहून आली होती, शेंगेन व्हिसा होता, आणि नेदरलँड्समधली फुलं, पवनचक्क्या, कालवे बघून तिला पुरेसा कंटाळा आला होता. यजमान चार देश होते: बेल्जियम, इटली, जर्मनी आणि एस्टोनिया. सलामीचा सामना १५ ऑगस्टला व्हेरोनाच्या रोमन अँफिथिएटरमध्ये, उघड्या आकाशाखाली झाला. तो टीव्हीवर बघताना आई म्हणाली, "तू एवढी खेळायचीस, मग हे बघायला जात का न्हाईस?"

एवढी खेळायचे म्हणजे काय, तर कराडच्या शाळेत, मागच्या ओळीत. उंची पाच फूट एक. नेटवर माझा उपयोग शून्य, पण जमिनीवर येणारा बॉल सहसा सोडायचे नाही. सर आम्हाला फिरवून फिरवून पुढे आणायचे तेव्हा मला रडू यायचं, कारण पुढच्या ओळीत मी म्हणजे समोरच्या टीमसाठी उघडं दार. लिबेरो हा खेळाडू, म्हणजे वेगळ्या रंगाचा शर्ट घालून फक्त मागे खेळणारा, ज्याने स्मॅशही मारायचा नाही आणि ब्लॉकलाही जायचं नाही, आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉलमध्ये आला १९९८ला. माझं खेळणं तोवर सुटलं होतं. माझ्या मापाची जागा निघाली ती मी मैदानातून बाहेर पडल्यावर.

आता तिकिटांबद्दल. कोर्टाच्या लांब बाजूच्या, मधल्या जागा सगळ्यात महाग असतात, कारण टीव्हीवर मॅच तिथूनच दिसते. बॉल डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. मी मात्र मुद्दाम शेवटच्या रेषेच्या मागची, जरा वरची जागा घेतली, आणि ती स्वस्तही पडली. आई बसल्याबसल्या कुरकुरली, "ही तर टूरिंग टॉकीजमधली पडद्यामागची जागा." पहिल्या सेटमध्येच तिचं मत बदललं. मागून बघितलं की कोर्ट तुमच्यासमोर उभं उघडतं. ब्लॉकला दोघी उडतात तेव्हा त्यांच्या चार हातांमध्ये जी फट राहते ती दिसते, आणि त्या फटीच्या बरोबर मागे लिबेरो येऊन उभी राहिलेली दिसते. फ्लोट सर्व्हिस, म्हणजे बॉलला फिरकी न देता मारलेली, हवेत कशी डुलते आणि ऐन वेळी कशी खाली बसते, हे बाजूने अजिबात कळत नाही. २.२४ मीटर उंच नेटच्या वर बॉल घेऊन सेटर, म्हणजे स्मॅशसाठी बॉल उचलून देणारी, तो नेमकं कुणाला देणार, हा प्रश्न तुमचाही होऊन जातो. माझी लेक तेरा वर्षांची, एरवी मोबाइलमधून मान वर न काढणारी. तिसऱ्या सेटपर्यंत ती मोठ्याने "डावीकडे, डावीकडे" असं सांगायला लागली होती आणि निम्म्या वेळा चुकत होती.

हॉलपर्यंत पोहोचायचं अगदी सोपं आहे, फक्त नावांचा गोंधळ डोक्यात आधीच सोडवून ठेवा. ब्रसेल्समध्ये बऱ्याच स्टेशनांना दोन नावं, एक फ्रेंच आणि एक डच. ब्रुसेल-मिदी आणि ब्रसेल-झाउद हे एकच स्टेशन आहे. आम्ही ब्रेडाला गाडी बदलून तिथे उतरलो. (त्यानंतर या मार्गावरच्या गाड्यांची रचना बदलली आहे, तेव्हा जुन्या माहितीवर जाऊ नका.) मोठी बॅग तिथल्या लॉकरमध्ये टाका, हातात पर्स आणि जॅकेट एवढंच ठेवा. तिथून मेट्रोची ६ नंबरची लाइन, रोआ बोदुआँच्या दिशेची, थेट हेझेलला, म्हणजे हॉलच्या स्टेशनला जाते. बँकेचं कार्ड गेटवर टेकवलं की झालं, तिकिटाच्या मशीनपुढे उभं राहायला नको.

हेझेलला वर आलं की अटोमियम अंगावरच येतं. लोखंडाच्या स्फटिकाचा १६५ अब्ज पट मोठा केलेला नमुना, १९५८च्या जागतिक प्रदर्शनासाठी उभारलेला, नऊ गोळे आणि १०२ मीटर उंची. वर जायला रांग होती म्हणून आम्ही खालूनच पाहिलं, आणि मला त्याचं काही वाईट वाटलं नाही. पलीकडेच राजा बोदुआँ स्टेडियम. १९८५ साली लिव्हरपूल आणि युव्हेंटस या फुटबॉल क्लबांच्या फायनलआधी ३९ माणसं जिथे मेली तेच हे हेझेल स्टेडियम, नाव नंतर बदललं. मी लेकीला हे सांगत होते तेव्हा आमच्या पुढून लाल टी-शर्टातलं एक तुर्की कुटुंब आणि सर्बियाचा झेंडा पाठीवर घेतलेली दोन पोरं एकाच सेल्फीत मावायचा प्रयत्न करत होती. हॉलमध्येही आमच्या रांगेत दोन्हीकडचे लोक मिसळून बसले होते.

सामने होते पॅले १२मध्ये. मुळात हा प्रदर्शन-संकुलातला हॉल, त्यामुळे आत शिरल्यावर स्टेडियमपेक्षा भल्यामोठ्या गोदामात आल्यासारखं वाटतं. लवकर जा. वॉर्मअप चुकवू नका, कारण खरी उंची आणि खरी उडी तेव्हा कळते. मॅचमध्ये तुमचं लक्ष बॉलवर असतं, वॉर्मअपला माणसांवर. तुर्कीची जेहरा ग्युनेश नेटपाशी सहज हात वर करून उभी राहिली तेव्हा आई एवढंच म्हणाली, "हिला उडायची काय गरज?"

आधी कांस्यपदकाचा सामना झाला, नेदरलँड्स विरुद्ध इटली. शुक्रवारी उपांत्य फेरीत डच पोरी सर्बियाकडून हरल्या होत्या, त्यामुळे आमच्या गल्लीत रविवारचा उत्साह जरा ओसरलेला होता. नारिंगी कपड्यांतली मंडळी मात्र हॉलमध्ये भरपूर. इटली गतविजेती, दोन वर्षांपूर्वी बेलग्रेडमध्ये सर्बियाला त्यांच्याच घरी हरवून आलेली. पण शुक्रवारी तुर्कीशी पाच सेट झगडून हरलेली ही टीम मनाने थकल्यासारखी दिसली, आणि कांस्यपदक डच घेऊन गेल्या. लेक खूश. हा सामना कमी दर्जाचा समजून उशिरा येणारे बरेच असतात. तसं करू नका, तेवढ्या वेळात जागा, स्वच्छतागृह आणि खाण्याच्या रांगा यांचा अंदाज येतो. खाणं म्हणाल तर फ्राइट्स आणि बिअर. शाकाहारी माणसाने पोटात काहीतरी घालूनच आत जावं.

फायनलची गंमत कोर्टाबाहेरच्या दोन खुर्च्यांपासून सुरू होत होती. तुर्कीचा कोच दानिएले सांतारेल्ली याने आदल्या वर्षी सर्बियाला विश्वविजेतं केलं होतं. आणि सर्बियाचा कोच जोव्हान्नी ग्विदेत्ती त्याआधी कित्येक वर्षं तुर्कीचा कोच होता, इस्तंबूलच्या क्लबला शिकवणारा, तुर्की खेळाडूशी लग्न केलेला. दोघेही इटालियन. जणू दोन सुनांनी सासरं बदलली आणि तरी दोघींना एकमेकींच्या स्वयंपाकघरातले डबे पाठ. सांतारेल्लीची बायको मोनिका दे जेन्नारो, मी आजवर पाहिलेली सगळ्यात हुशार लिबेरो, त्या वर्षी इटलीच्या संघात नव्हती. तिला घेतलंच नव्हतं. तिच्या नवऱ्याच्या टीमने शुक्रवारी इटलीला फायनलबाहेर ठेवलं. यावर मी जास्त बोलत नाही.

फायनल लिहून सांगायची म्हणजे आकडे असे: २७–२५, २१–२५, २५–२२, २२–२५, १५–१३. तुर्कीचं हे पहिलंच युरोपीय अजिंक्यपद. मूळची क्यूबाची, त्याच वर्षापासून तुर्कीकडून खेळायला लागलेली मेलिसा वार्गास हिने एकटीने ४१ पॉइंट काढले. समोर तियाना बोशकोविच, डावखुरी, बॉल फोडायलाच जन्मलेली. सगळा हॉल या दोघींकडे बघत होता, आणि बघावंच. पण मी मागे बसले होते, आणि माझी नजर पुन्हा पुन्हा त्यांच्या विरुद्ध बाजूला उभ्या असलेल्या दोघींकडे जायची. सर्बियाची लिबेरो तेओदोरा पुशिच आणि तुर्कीची गिझेम ओर्गे. वार्गासने हात मागे नेला की पुशिचने किती आधी पाऊल हलवलं, हे बघण्यात मी अख्खा चौथा सेट घालवला. बॉल यायच्या आधी ती थांबलेली असते, हे महत्त्वाचं. पळत पळत बॉल घेतला तर तो उडून जातो. हे आमचे सर ओरडून ओरडून सांगायचे आणि मला तेव्हा ते रागावणं वाटायचं.

पाचवा सेट पंधराचाच असतो आणि आठवर बाजू बदलतात. म्हणजे मागे बसणाऱ्याला दोन्ही टीम जवळून दिसतात, हा एक छुपा फायदा. तेरा-चौदाला कुणीच बसलेलं नव्हतं. आई उभी होती, तिला शेजारच्या तुर्की आजीबाईंनी दंडाला धरलेलं होतं. दोघींची भाषा एक नाही. शेवटचा पॉइंट झाल्यावर त्या आजीबाईंनी आईच्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि आई एकदम लाजली.

बक्षीस समारंभाला थांबलो, कारण गाडी तोवर हातची गेलीच होती. तुर्कीची कॅप्टन एदा एर्देम, छत्तीस वर्षांची, कपाकडे चालत गेली तेव्हाचा आवाज मी दुसऱ्या कुठल्या हॉलमध्ये ऐकलेला नाही. ब्रसेल्स म्हणजे त्यांच्यासाठी घरचंच मैदान. इथल्या तुर्की घरांमधली कितीतरी मूळची अनातोलियातल्या एमिरदाग या एका तालुक्याएवढ्या गावाकडची. स्कारबेक आणि सेंट-जोस या भागांत त्यांची वस्ती. आपल्याकडे मुंबईत गिरणगावात साताऱ्याचे आणि कोकणातले लोक गावासकट येऊन राहिले, तसं.

बाहेर पडल्यावर मोबाइलवर खोली शोधायला घेतली. तिघींना मावेल अशी एक रोजिए स्टेशनजवळ मिळाली, तिकिटांच्या एकूण पैशांपेक्षा महाग. तिकडे जाताना एक लक्षात ठेवा: सिमोनिस आणि एलिझाबेथ हे एकच मेट्रो स्टेशन आहे, दोन मजल्यांना दोन नावं. हेझेलहून येऊन सिमोनिसला उतरा आणि एलिझाबेथच्या फलाटावरून पुढची मेट्रो धरा. हे माहीत नसेल तर ६ नंबरची गाडी तुम्हाला अख्ख्या शहराला वळसा घालून नेते. आम्ही तो वळसा घेतला. आईने डब्यात बसून पर्समधलं भडंग काढलं, समोरच्या झेंडेवाल्या पोरांना दिलं, आणि त्यांनी ते तिखट लागल्यावर केलेला चेहरा हा लेकीच्या मते त्या रात्रीचा सगळ्यात चांगला क्षण.

सकाळी बोटानिकपासून चालत शोसे द आख्त या रस्त्याला गेलो. तुर्की बेकऱ्या, भाजीवाले, लग्नाच्या कपड्यांची दुकानं. मसुराचं सूप, सिमित म्हणजे तीळ लावलेलं कडं, आणि काचेच्या छोट्या पेल्यात चहा. रात्रभर हॉर्न वाजवलेल्या गाड्या अजून झेंड्यांसकट रस्त्याकडेला उभ्या होत्या. फायनलनंतर एक सकाळ हाताशी ठेवाच, आणि जिंकलेल्यांच्या मोहल्ल्यात नाश्ता करा. हरलेल्यांच्याही करायला हरकत नाही, पण तिथे चहा फुकट मिळत नाही. आम्हाला इथे मिळाला.

२०२६ची स्पर्धा तुर्की, अझरबैजान, चेक प्रजासत्ताक आणि स्वीडनमध्ये वाटलेली आहे, फायनल इस्तंबूलला. २०१९पासून चोवीस संघ आणि चार देश अशीच मांडणी आहे, त्यामुळे सगळं बघायचा हट्ट धरू नका; एक शहर निवडा. गटसाखळीत एका दिवसात दोन-तीन सामने दिसतात, तिकिटं स्वस्त असतात आणि हॉल अर्धे रिकामे, म्हणजे लहान मुलांना घेऊन जायला तेच बरं. चेक आणि स्वीडनला शेंगेन व्हिसा चालतो. तुर्कीला भारतीय पासपोर्टवर ई-व्हिसा मिळतो, पण त्यासाठी शेंगेन, ब्रिटन किंवा अमेरिकेचा चालू व्हिसा किंवा रहिवासाचा परवाना हातात लागतो. सरकारी संकेतस्थळावर अटी ताज्या बघून घ्या, आणि विमानाचं तिकीट त्यानंतर.

मी इस्तंबूलचं ठरवत आहे. आईला फोनवर सांगितलं, तर तिने तारीख विचारली नाही, किंमतही विचारली नाही. म्हणाली, "जागा मागचीच घे, बाय. आणि वरची."