आमची वाटचाल : कन्सोलच्या दुरुस्तीतून

आमची छोटी फर्म घरगुती व्हिडिओ गेम कन्सोल दुरुस्त करते. नवी यंत्रे विकावीत, असे सुरुवातीला अनेकांनी सुचवले होते. परंतु कंपन्या स्वतःच यंत्रावर फारसे कमावत नाहीत, त्यांची खरी कमाई गेममधून होते, हे ध्यानात घेऊन आम्ही दुरुस्तीचीच वाट धरली.

कंपन्यांमधली चुरस आम्हांला जाहिरातींपेक्षा उघडलेल्या यंत्रात अधिक स्पष्ट दिसत गेली. अमेरिकेत १९८३ मध्ये हा बाजार कोसळल्यावर दुकानदार गेमच्या यंत्रांना हात लावेनासे झाले, म्हणून निन्टेंडोने १९८५ मध्ये तिथे आणलेले यंत्र व्हीसीआरसारखे घडवले : कार्ट्रिज, म्हणजे गेम साठवलेली प्लास्टिकची डबी, समोरून आत सरकवायचे आणि खाली दाबायचे. या दाबण्याने ७२ पिनांचा कनेक्टर सैल होत जातो. परवान्याविना बनलेले गेम रोखण्यासाठी आत एक चिप असते. संपर्क नीट झाला नाही की ती यंत्र पुन्हापुन्हा रीसेट करते आणि पडदा लुकलुकत राहतो. लोक कार्ट्रिजमध्ये फुंकर मारतात, त्याने उलट ओलावाच आत जातो. आम्ही संपर्काच्या पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतो आणि कनेक्टर बदलतो.

पुढे आमच्या कामाचे स्वरूपच पालटले ते सीडीमुळे. निन्टेंडोने १९९१ मध्ये सीडीच्या जोडणीसाठी सोबत घेतलेल्या सोनीला बाजूला सारून फिलिप्सशी हातमिळवणी केली, आणि सोनीने १९९४ च्या डिसेंबरात स्वतःचे प्लेस्टेशन जपानच्या बाजारात उतरवले. सीडी स्वस्तात छापता येई आणि तिच्यात जागाही भरपूर असे. तरीही १९९६ चे निन्टेंडो ६४ कार्ट्रिजवरच राहिले. हा हट्ट निन्टेंडोला महागात पडला, असे माझे मत आहे. दुरुस्ती करणाऱ्याला मात्र कार्ट्रिजच बरे, कारण सीडीबरोबर लेन्स, मोटर आणि दातेरी चाके अशी झिजणारी नाजूक मंडळी आली.

सेगाने २००१ मध्ये कन्सोल बनवणे थांबवले. हरलेल्या कंपनीचे यंत्र घरात चालूच राहते, सुटे भाग मात्र दुर्मीळ होतात. त्यामुळे सेगाचे शेवटचे कन्सोल ड्रीमकास्ट बंद पडले, तरी ते आम्ही भागांसाठी जपून ठेवतो.

मायक्रोसॉफ्टचे २००५ चे एक्सबॉक्स ३६० सोनीच्या प्लेस्टेशन ३ च्या वर्षभर आधी आले. एक्सबॉक्समधील बिघाडांमुळे मायक्रोसॉफ्टला २००७ मध्ये वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवून एक अब्ज डॉलरहून अधिक रकमेची तरतूद करावी लागली. हल्ली डिस्कचा कप्पाच नसलेली यंत्रे निघतात, म्हणून नव्या सहकाऱ्यांना आम्ही लेन्सऐवजी आधी एचडीएमआय पोर्टचे, म्हणजे टीव्हीची केबल जोडायच्या खाचेचे, सोल्डरिंग शिकवतो.