मटारच्या शेंगा

मी ठाण्यात, नौपाड्यात स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करते. गेल्या डिसेंबरात अडीच वर्षांचा एक मुलगा आला, सोबत आई, बाबा आणि आजी. इंग्रजी मुळाक्षरं घडाघडा म्हणायचा, वीसपर्यंत आकडेही. पण पाणी हवं असलं की आजीचा हात धरून तिला माठाकडे ओढत न्यायचा. 'आई' अशी हाक त्यानं कधी मारलीच नव्हती.

कानांची बेरा तपासणी आधीच झाली होती. ऐकू नीट येत होतं. दोन वर्षांच्या मुलाकडे साधारण पन्नासेक शब्द असतात, याच्याकडे काही मागण्यापुरता एकही नव्हता. मोबाइल रोज चार-पाच तास. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये या वयासाठी सांगितलेली मर्यादा जास्तीत जास्त एक तासाची आहे. तो आकडा ऐकून आईचे डोळे भरून आले. "मॅडम, मी साडेआठला घरी येते. आल्या आल्या कुकर लावायचा असतो." अशा आईला दोष द्यावा असं मला कधीच वाटलेलं नाही. आणि केवळ मोबाइलमुळेच मूल बोलत नाही, असं एका भेटीत म्हणायचंही नसतं.

आजींच्या पिशवीत जांभळी नाक्यावरून घेतलेला मटार होता. तो मी मागून घेतला आणि चटईवर ओतला. एक शेंग फोडली, "फट्!" दाणे स्टीलच्या वाटीत टणटण पडले. तो सरकत जवळ आला. दुसरी शेंग चिमटीत धरून मी थांबले.

"बोल ना बेटा, काय आहे हे? से पीज!" बाबा लगेच म्हणाले.

मी त्यांना खुणेनं गप्प केलं. मनात दहापर्यंत मोजा, म्हटलं. मुलाला शब्द शोधायला वेळ लागतो. व्हिडिओ त्याच्यासाठी थांबत नाही, तो बोलो न बोलो, पुढचं गाणं सुरू होतं. घाईत आपणही तेच करतो.

त्यानं शेंगेकडे पाहिलं, मग माझ्या डोळ्यांत. पुन्हा शेंगेकडे. ओठ आत दुमडले गेले.

"फ."

मी त्या क्षणी शेंग फोडली. तो खुदकन हसला, ढिगातली एक शेंग उचलून आजीसमोर धरली. आजींचा हात पुढे आला आणि तसाच थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्याही मोजत होत्या.

"आजी, फत्!"